सुखोष्ण : स्नानाचे प्रकार, उपयोग आणि पथ्ये

भारतीय जीवनात स्नानाचे स्थान केवळ शरीरशुद्धीपुरते मर्यादित नाही. जन्मापासून अंत्यविधीपर्यंत बहुतेक सर्व संस्कारांचा आरंभ वा शेवट स्नानानेच होतो. दिवाळीतील अभ्यंगस्नान, लग्नातील हळदीचे न्हाणे, बाळ-बाळंतिणीचे न्हाणे, ग्रहण सुटल्यावरचे स्नान अशी किती उदाहरणे द्यावीत! मराठी भाषेने तर नुसती ‘अंघोळ’ आणि डोक्यावरून घेतलेले ‘न्हाणे’ यांसाठी दोन स्वतंत्र शब्द राखून ठेवले आहेत. कन्नडमध्येही ‘स्नान’ आणि ‘तलेस्नान’ असा भेद आहेच. आपल्या हुबळी-धारवाड परिसरात नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी ‘नीरु तुंबुव हब्ब’, म्हणजे पाणी भरण्याचा सण, साजरा होतो. न्हाणीघरातील हंडा घासूनपुसून, त्याची पूजा करून तो पाण्याने भरला जातो. घरातील पाण्याच्या भांड्याचा असा सन्मान करणारी संस्कृती स्नानाकडे किती आदराने पाहते, हे यावरून ध्यानात येते.

स्नान हा उपचारही आहे, आणि कोणत्याही उपचाराप्रमाणे त्याला मात्रा आहे, काळ आहे आणि पथ्य आहे. आयुर्वेदाने त्यासाठी ‘सुखोष्ण’ असा एक नेमका शब्द दिला आहे. सुखोष्ण म्हणजे सुखकर वाटेल इतकेच उष्ण. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’तील दिनचर्येच्या अध्यायात म्हटले आहे की, उष्ण पाणी मानेखालील शरीराला बलदायक ठरते, पण तेच डोक्यावर घेतल्यास केस व डोळे यांचे बल कमी करते. भोजनानंतर, अतिसारात, पडशात व अजीर्णात स्नान टाळावे असेही त्याने सांगितले आहे. यातील प्रत्येक विधान आधुनिक कसोटीवर उतरेलच असे नाही. परंतु एकच पाणी शरीराच्या एका भागाला हितकर आणि दुसऱ्याला अहितकर असू शकते, हा विचार आजही मोलाचा आहे. बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला या लेखात तोच मुद्दा मांडावयाचा आहे.

पाणी आणि शरीर

हवेच्या तुलनेत पाणी सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणूनच २५ अंश सेल्सिअसची हवा आल्हाददायक वाटते, पण त्याच तापमानाचे पाणी गार लागते. त्वचेचे तापमान साधारणतः ३३ ते ३४ अंश असते. त्याच्या आसपासचे पाणी ना गरम ना थंड असे लागते. ३७ ते ३९ अंशांचे पाणी सुखोष्ण वाटते. ४० ते ४२ अंशांचे पाणी स्पष्टपणे गरम लागते. आणि त्यापुढे धोक्याची हद्द सुरू होते.

गरम पाण्याने त्वचेतील रक्तवाहिन्या प्रसरण पावतात, स्नायू शिथिल होतात आणि रक्तदाब किंचित उतरतो. थंड पाण्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, श्वास एकदम खोल ओढला जातो आणि हृदयाची गती व रक्तदाब वाढतात. स्नानाचे बहुतेक फायदे आणि तोटे या दोन प्रतिक्रियांतूनच उद्भवतात.

नवजात बालकाचे पहिले स्नान

प्रसूतीनंतर थोड्याच वेळात आजीचा प्रश्न येतो, “डॉक्टर, बाळाला अजून अंघोळ का घातली नाही?” प्रश्न मायेपोटीच असतो. परंतु याचे उत्तर प्रत्येक घरी पोहोचले पाहिजे.

गर्भाशयात बाळ ३७ अंशांच्या आसपासच्या उबेत असते. जन्मताच ते ओल्या अंगाने गार हवेत येते. एक ग्रॅम पाण्याचे बाष्पीभवन होताना शरीरातील अर्ध्या किलोकॅलरीहून अधिक उष्णता खर्ची पडते. वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ प्रौढांपेक्षा दुपटीहून अधिक असते, आणि मोठ्यांप्रमाणे थरथरून उष्णता निर्माण करणे त्याला जमत नाही. पाठ, मान व मूत्रपिंडे यांच्या आसपास असलेली ‘ब्राउन फॅट’ ही विशेष चरबी जाळून ते ऊब मिळवते; अपुऱ्या दिवसांच्या बाळात हा साठाही तुटपुंजा असतो. नवजात बालकाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांच्या दरम्यान असावे. ते ३६.५ च्या खाली गेले की बाळ मलूल होते, अंगावर ओढत नाही, रक्तातील साखर उतरते आणि श्वासाचा त्रास होऊ लागतो. हे चक्र वेळीच न थांबवल्यास जीवावर बेतू शकते.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने पहिली अंघोळ जन्मानंतर किमान २४ तास लांबवावी असे सांगितले आहे. २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रूढीमुळे ते शक्य नसल्यास निदान सहा तास तरी थांबावे, अशी सवलत होती. २०२२ च्या तत्त्वांतही किमान २४ तासांचाच आग्रह आहे. बाळाच्या अंगावरील पांढरा चिकट लेप, म्हणजे ‘व्हर्निक्स’, हा मळ नव्हे. त्यात लायसोझाइम व लॅक्टोफेरिन यांसारखे जंतुरोधक घटक असतात आणि तो त्वचेला ओलावाही देतो. त्याला खसखसून काढणे म्हणजे निसर्गाने दिलेले पहिले कवच उतरवणे होय. जन्मतः बाळाला कोरड्या, उबदार फडक्याने टिपून आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणे, हेच त्या वेळचे खरे ‘स्नान’.

दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळाला वजन त्यापुढे जाऊन नियमित वाढू लागेपर्यंत पूर्ण अंघोळ घालू नये. कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने एकेक भाग पुसून लगेच कोरडा करावा. धारवाडच्या पावसाळ्यात आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तर ही काळजी दुप्पट घ्यावी. नाळ कोरडी ठेवावी. तिच्यावर तेल, हळद, राख काहीही लावू नये.

अभ्यंग आणि बाळंतिणीचे न्हाणे

तेल लावून न्हाऊ घालण्याची आपली पद्धत सर्वस्वी टाकाऊ मुळीच नाही. हळुवार मालिशने बाळ शांत होते, माता व बालक यांतील जवळीक वाढते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या नाजूक त्वचेवर तेल लावण्याचा शास्त्रीय अभ्यासही झाला आहे. ढाका शिशु रुग्णालयात झालेल्या आणि २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सूर्यफुलाचे तेल लावलेल्या अशा बाळांत जंतुसंसर्ग लक्षणीय प्रमाणात कमी आढळला. आपल्याकडील शुद्ध खोबरेल तेलही सौम्य आहे. मोहरीचे तेल मात्र त्वचेच्या संरक्षक थराला अपाय करू शकते. ते नवजात बाळाला लावू नये.

तेल उपकारक असले तरी ते लावणाऱ्या हाताच्या काही सवयी घातक ठरतात. त्यांविषयी स्पष्टच बोलले पाहिजे.

नाकात व कानात तेल घालणे थांबवावे. नाकातून गेलेले तेल फुप्फुसात उतरले तर चिवट स्वरूपाचा न्यूमोनिया होतो आणि प्रतिजैविकांनी तो सहज बरा होत नाही. नवजात बाळाची, मुलगा असो वा मुलगी, स्तने आईच्या संप्रेरकांमुळे काही दिवस फुगलेली असतात; ती पिळून ‘दूध’ काढल्याने गळू होते. ती आपोआप बसतात. लव जाण्यासाठी डाळीच्या पिठाने घासल्यास त्वचेवर ओरखडे पडतात आणि तेथून जंतू शिरतात. नाक ‘उंच’ करण्यासाठी वा डोके ‘गोल’ करण्यासाठी दाबण्याने आकार बदलत नाही, बाळाला वेदना मात्र होतात.

न्हाण्यानंतरची धुरी हा आणखी एक नाजूक विषय. ओवा, शेपा, वावडिंग, लसणाच्या साली किंवा लोबान निखाऱ्यावर टाकून बाळाला धुरात धरण्याची प्रथा मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत आहे. पूर्वी ओलसर, अंधाऱ्या बाळंतिणीच्या खोलीत ऊब आणि कोरडेपणा देण्याचा तो मार्ग असेल. पण बाळाची श्वासनलिका अतिशय अरुंद असते. धुराने तिला सूज येते, आणि आधीच सर्दी असलेल्या बाळाला धाप लागते. शिवाय बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. आई आणि बाळ दोघेही त्याला बळी पडू शकतात. ऊब हवी असेल तर टोपी, मोजे, दुपटे आणि आईची कूस पुरेशी आहे.

बाळंतिणीलाही कढत पाण्याचे घागरीमागून घागरी ओतून न्हाऊ घालतात. आधीच रक्तस्राव झालेली, घाम फुटलेली स्त्री अशा वेळी चक्कर येऊन पडते. तिला सुखोष्ण पाणी, बसायला पाट आणि न्हाण्यापूर्वी पाण्याचा पेला द्यावा.

आपल्या प्रांतातील एक आजार

डोक्यावर कढत पाणी घेण्याविषयी वाग्भटाने दिलेला इशारा कर्नाटकाच्या बाबतीत एका वेगळ्या अर्थाने खरा ठरला आहे. डोक्यावरून गरम पाणी भराभर ओतून घेताना येणारी फीट, म्हणजे ‘हॉट वॉटर एपिलेप्सी’, जगात अन्यत्र तुरळक आढळते. दक्षिण कर्नाटकात मात्र तिचे प्रमाण मोठे आहे. बंगळूरचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. के. एस. मणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली तिचा प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला. पुढे १९८८ साली निम्हान्स संस्थेतील डॉ. पी. सतीशचंद्र व सहकाऱ्यांनी २७९ रुग्णांचा अभ्यास मांडला. रुग्णांत लहान मुलांचे, त्यातही मुलग्यांचे प्रमाण अधिक असते.

चित्र बहुधा असे असते. आठवड्याचे न्हाणे चालू आहे. पाणी चांगले कढत आहे. तांब्यामागून तांब्या डोक्यावर पडतो आहे. मूल एकाएकी शून्यात पाहू लागते, असंबद्ध बोलते, क्वचित झटके येतात. काही मुले तर त्या अवस्थेतही आणखी गरम पाणी ओतून घेत राहतात. घरच्यांना वाटते, बाहेरचे काही झाले. वस्तुतः हा मेंदूचा उपचारक्षम आजार आहे. बहुतेकांना पाण्याचे तापमान कमी करणे, डोक्यावर एकदम न ओतता ओल्या फडक्याने डोके पुसणे, आणि न्हाण्यापूर्वी दीड-दोन तास क्लोबाझामची एक मात्रा घेणे एवढ्यावर आराम पडतो; काहींना नियमित औषधे लागतात. आमच्या व्यवसायबंधूंना विनंती की, फिटेचा इतिहास विचारताना “झटका कुठे आला?” हा प्रश्न आवर्जून विचारावा. उत्तर ‘न्हाणीघरात’ असे आले तर निदान अर्धे झाले.

ताप आणि पाणी

ताप आलेल्या मुलाच्या बाबतीत दोन टोकाच्या समजुती आहेत. एक, तापात पाण्याचा स्पर्शही नको. दुसरी, ताप चढताच बर्फाच्या पाण्याने पुसून काढावे. दोन्ही चूक.

संसर्गाच्या तापात मेंदूतील तापनियंत्रण केंद्रानेच पातळी वर नेलेली असते. अशा वेळी अंगावर गार पाणी पडले की रक्तवाहिन्या आकसतात, मूल कुडकुडते, आणि आतील उष्णता उलट कोंडून राहते. मुलाच्या वजनाप्रमाणे, दर किलोस १० ते १५ मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल द्यावे. अंगावरचे कपडे हलके करावेत. भरपूर पातळ पदार्थ द्यावेत. मुलाला बरे वाटत असेल तर कोमट पाण्याने पुसण्यास हरकत नाही, पण त्याने ताप थोडाच वेळ उतरतो. स्पिरिट किंवा कोलनवॉटरने अंग पुसणे कटाक्षाने टाळावे. अल्कोहोल त्वचेतून व श्वासातून शरीरात जाते.

उष्माघाताची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. एप्रिल-मेच्या उन्हात शरीराचे तापमान ४० अंशांपुढे जाऊन माणूस बरळू लागला वा शुद्ध हरपली, तर तेथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. अशा वेळी थंड पाण्यात बसवणे किंवा सर्वांगावर गार पाणी ओतून वारा घालणे हाच प्राणरक्षक उपाय, आणि तो रुग्णवाहिकेची वाट न पाहता सुरू करावयाचा असतो.

कांजिण्या वा गोवर आला की ‘देवी आली’ म्हणून कित्येक घरांत मुलाची अंघोळ बंद होते. खरे तर कोमट पाण्याच्या छोट्या अंघोळीने खाज कमी होते, त्वचा स्वच्छ राहते आणि फोडांत पू होण्याचा धोका टळतो. फक्त घासू नये. मऊ कापडाने टिपावे.

जलोपचार : श्रद्धा आणि मर्यादा

एकोणिसाव्या शतकात युरोपात प्रीस्निट्झ, क्नाइप आणि लुई कुने यांनी जलचिकित्सेला मोठी लोकप्रियता मिळवून दिली. कुनेच्या कटिस्नानाचा प्रभाव महात्मा गांधींवर होता. १९०२ साली मुंबईत त्यांचा सुमारे दहा वर्षांचा मुलगा मणिलाल विषमज्वर व न्यूमोनियाने अंथरुणाला खिळला. डॉक्टरांनी अंडी व कोंबडीचा रस सुचवला. गांधीजींनी तो नाकारून तीन मिनिटांची कटिस्नाने, पाणी घातलेला संत्र्याचा रस आणि ओल्या चादरीचे वेष्टण हे उपचार केले. मूल बरे झाले. हे जलोपचाराने झाले, शुश्रूषेने झाले की ईश्वरकृपेने, हे कोण सांगणार, असा भाव त्यांनी स्वतःच आत्मकथेत व्यक्त केला आहे. पुढे १९४६ साली पुण्याजवळ उरुळी कांचन येथे त्यांच्या प्रेरणेने निसर्गोपचार आश्रम उभा राहिला, आणि तो आजही चालू आहे.

गांधीजींची ती प्रांजळ शंका आपणही जपावी. १९०२ मध्ये विषमज्वरावर प्रतिजैविक नव्हते. क्लोरॅम्फेनिकॉल आले ते १९४८ मध्ये. आज औषध हाताशी असताना केवळ पाण्यावर विसंबणे योग्य नाही. पण औषधाच्या जोडीला पाण्याचे काही उपयोग निश्चित आहेत.

कटिस्नान : बद्धकोष्ठामुळे गुदद्वाराला चीर पडलेल्या मुलांना सुखोष्ण पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा बसवल्यास स्नायूंचा आखडलेपणा कमी होऊन वेदना शमतात. प्रसूतीच्या टाक्यांसाठी व मूळव्याधीसाठीही हे उपयुक्त आहे. पाण्यात तीव्र जंतुनाशक घालण्याचे कारण नाही.

इसबाचे स्नान : ॲटोपिक डर्माटायटिस असलेल्या मुलाला पाच-दहा मिनिटांची कोमट अंघोळ, सौम्य साबण, आणि अंग टिपताच लगेच मलम वा तेलाचा हात, हा क्रम पाळावा. कढत पाणी आणि काथ्याची घासणी यांनी इसब बळावते.

पादस्नान : दिवसभराच्या श्रमानंतर गरम पाण्यात पाय सोडून बसणे सुखद असते. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी मात्र पाणी दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावे. पाय भाजतो आणि कळत नाही.

निद्रेपूर्वीचे स्नान : झोपण्याआधी एक-दोन तास घेतलेल्या ४० अंशांच्या आसपासच्या पाण्याच्या स्नानाने झोप लवकर लागते, असे २०१९ च्या एका संकलित अभ्यासात दिसले. त्वचेतून उष्णता बाहेर पडून शरीराचे अंतर्गत तापमान उतरते, ही त्यामागील प्रक्रिया.

उष्ण झरे : वज्रेश्वरी-गणेशपुरी, दापोलीजवळील उन्हवरे, राजापूरजवळील उन्हाळे येथील गंधकयुक्त कुंडांत सांधेदुखीच्या रुग्णांना तात्पुरता आराम वाटतो. हृदयविकार, गरोदरपण वा उघडी जखम असल्यास तेथे उतरू नये.

थंड पाण्याचे स्नान निरोगी तरुणाला उत्साह देते. पण हृदयविकार व उच्च रक्तदाबाच्या वृद्धांनी हिवाळ्यात पहाटे डोक्यावर एकदम गार पाणी घेऊ नये. आधी पाय, मग हात, शेवटी डोके हा क्रम ठेवावा.

न्हाणीघरातील धोके

आपल्या जुळ्या शहरांनी कित्येक वर्षे नळाला काही दिवसांआड येणारे पाणी पाहिले आहे. त्यामुळे बादल्या, पिंपे, हौद भरून ठेवण्याची सवय घराघरांत रुजली. रांगते वा नुकते चालू लागलेले मूल अर्ध्या बादलीतही डोक्यावर पडून बुडू शकते. त्याचे डोके जड असते, त्याला उलटे वर येता येत नाही, आणि आवाजही होत नाही. भरलेल्या बादलीला झाकण व न्हाणीघराला वरची कडी असलीच पाहिजे. झाकणाने डेंग्यूच्या डासांचीही पैदास थांबते.

भाजण्याचा धोका तितकाच मोठा. ६० अंशांचे पाणी प्रौढाची त्वचा सुमारे पाच सेकंदांत खोलवर भाजते. मुलाची त्याहून लवकर. बंबाचे वा गीझरचे पाणी थेट बादलीत सोडू नये. आधी गार, मग गरम, आणि शेवटी कोपराने तपासणी. भाजल्यास वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद, शाई लावू नये.

गॅस गीझर बंद न्हाणीघरात बसवणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. तेथेही कार्बन मोनॉक्साइडच साचतो. अंघोळीला गेलेली व्यक्ती बेशुद्ध आढळते आणि कित्येकदा ती फीट समजली जाते. गीझर बाहेरच्या मोकळ्या जागेत असावा आणि झरोका उघडा.

ध्यानात ठेवावे असे

१. नवजात बालकाची पहिली अंघोळ २४ तासांनंतर. दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळाला केवळ पुसणे.
२. तेल अंगाला; नाकाकानात नाही. धुरी नाही.
३. डोक्यावर कढत पाणी नको. न्हाताना मूल शून्यात पाहू लागल्यास तज्ज्ञांना दाखवावे.
४. तापात गार पाणी नको. उष्माघातात गार पाणी हवेच.
५. मूल न्हाणीघरात असताना दारावरची घंटा वाजली वा फोन आला, तरी त्याला एकटे सोडू नये.

बाळाला न्हाऊ घालणारी आजी, आई वा मावशी हीच त्या घरातील पहिली परिचारिका असते. तिच्या हातातील माया पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहो. तिच्या घंगाळातील पाणी तेवढे सुखोष्ण असावे, इतकेच एका बालरोगतज्ज्ञाचे मागणे आहे.